देवाच्या सामर्थ्यावर विसंबलेला वसईपुत्र : संत गोन्सालो गार्सिया

धाकटी डहाणूचा मच्छीमार होडी पाण्यात लोटतो, तेव्हा वारा आणि लाटा त्याच्या हाती नसतात. जाळे विणणे, होडी सांभाळणे हे त्याचे काम. बाकीचे तो देवावर सोपवतो. याच किनारपट्टीवरील वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे जीवन अशाच विश्वासाचा धडा देणारे आहे.

गोन्सालो यांचा जन्म 1557 च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, तर आई येथल्याच मातीतील. वसई किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षी ते धर्मगुरूंसोबत जपानला गेले. तेथील कठीण भाषा त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. पण ती पूर्ण झाली नाही.

निराश मनाने गोन्सालो मकाव परिसरात गेले आणि व्यापार करू लागले. व्यापारात त्यांना उत्तम यश लाभले. तरीही देवाची हाक त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर व्यापारावर पाणी सोडून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सामान्य धर्मबंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरूपदाचा मान त्यांना कधीच मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला आली ती सेवा.

1593 मध्ये फिलिपिन्सच्या गव्हर्नरांनी फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून जपानला पाठवले. सत्ताधीश हिदेयोशी यांच्यासमोर दुभाषी म्हणून उभे राहिले ते गोन्सालो. जी वर्षे वाया गेली असे वाटले असते, त्याच वर्षांत शिकलेली भाषा देवाने आता कामी आणली. क्योतो येथे संघाने चर्च बांधले, कुष्ठरोग्यांसह गोरगरिबांसाठी रुग्णालय उभारले. गोन्सालो तेथे सेवेत रमले.

1596 च्या अखेरीस छळाची लाट उसळली. अटक झालेल्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो किलोमीटर दूर नागासाकीला नेण्यात आले. त्या 26 जणांत धर्मसंघीय होते, तसेच प्रापंचिक आणि कोवळी मुलेही होती. 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्यांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. 1862 मध्ये पोप पायस नववे यांनी या हुतात्म्यांना संतपद बहाल केले. गोन्सालो हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले.

बंधुभगिनींनो, हौतात्म्याचे बळ गोन्सालो यांना शेवटच्या दिवशी अचानक मिळाले नाही. नकार पचवताना, परकी भाषा शिकताना, रुग्णांच्या जखमा धुताना ते दररोज थोडे थोडे मिळत गेले. आपल्यापैकी अनेकांच्या पदरीही नकार येतो : नोकरी हुकते, मासळी मिळत नाही, घरातले आजारपण संपत नाही. अशा वेळी सारे बळ स्वतःजवळच शोधण्याचा मोह होतो. मोठ्या संकटाचे बळ आजच मागण्याची गरज नाही. आजच्या कामापुरते बळ आज मागावे आणि ते काम प्रामाणिकपणे करावे. उद्याचे बळ देव उद्या देईल. संत गोन्सालो यांच्या मध्यस्थीने हा विश्वास आपणा सर्वांना लाभो.