बर्नार्दिनो रामाझिनी : रुग्णाला त्याचं काम विचारणारे डॉक्टर

डॉक्टरांकडे गेलात की ते काय विचारतात? कुठे दुखतंय, कधीपासून, ताप आहे का... बरोबर ना? पण तुम्ही काम काय करता, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे, हे जगाला शिकवलं बर्नार्दिनो रामाझिनी यांनी.

रामाझिनी यांचा जन्म 1633 साली इटलीतील कार्पी या गावी झाला. पार्मा येथे वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते 1659 मध्ये डॉक्टर झाले. 1682 पासून ते मोडेना विद्यापीठात शिकवू लागले. तिथे एक साधीच घटना घडली. त्यांच्या घरचा शौचकूप साफ करायला एक कामगार आला होता. तो फार घाईघाईने काम करत होता. रामाझिनींनी कारण विचारलं, तेव्हा कळलं की त्या खड्ड्यात जास्त वेळ राहिलं तर डोळे जातात, ही त्याला भीती होती. मग त्यांनी शहरातले असे कामगार पाहिले. खरंच, कित्येकांची नजर गेली होती!

तेव्हापासून ते खाण कामगार, कुंभार, विणकर यांच्या कामाच्या जागी जाऊन बघू लागले, विचारू लागले. 1700 साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर लॅटिन भाषेत ग्रंथ लिहिला. त्यात चाळीसहून अधिक व्यवसायांची माहिती आहे. दिवसभर बसून काम करणारे शिंपी, चांभार यांनाही बसण्यामुळेच आजार होतात, हे त्यांनी ओळखलं. अशा लोकांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असा सल्ला दिला.

पुढे 1953 साली लंडनच्या बसगाड्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डॉ. जेरी मॉरिस यांना त्यात काय दिसलं, बघा. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा, दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होत होता. गाडी एकच, पण काम वेगळं!

रामाझिनी 1700 पासून पादुआ विद्यापीठात होते. म्हातारपणी दृष्टी अधू झाली, तरी शिकवणं सुटलं नाही. 1714 मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. आज त्यांना व्यवसायजन्य आरोग्यशास्त्राचे जनक मानतात.

आज अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांचा रक्तदाब, साखर, ईसीजी तपासतात. ते चांगलंच आहे. पण नुसते आकडे कागदावर लिहून भागत नाही. तो माणूस किती तास बसतो, रात्रपाळी किती करतो, कामाचा ताण किती, हेही विचारायला हवं. नाहीतर गोळी सुरू होते आणि कारण तसंच राहतं.

तुम्हीही आज घरी आई-बाबांना विचारा : दिवसातून किती तास बसून असता? शेवटचं रक्तदाब कधी तपासलं? आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी आपलं काम त्यांना आठवणीने सांगायला सांगा.