होय, मी अलिबागहून आलेय!

हॉस्टेलला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला तो जगप्रसिद्ध टोमणा ऐकावा लागला. मेसमध्ये चुकीच्या रांगेत उभी राहिले, एवढंच कारण. सगळ्या टेबलानं विचारलं, अलिबागहून आलीस का? आता मी खरोखरच अलिबागकडची. अलिबागजवळच्या नागावची. मी भाबडेपणानं हो म्हटलं आणि जो हशा पिकला तो अजून कानात आहे.

पण खरी लाज वाटली ती नंतर. माझ्या रूममेटनं लायब्ररीतून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यात आमचे कान्होजी आंग्रे चक्क 'पायरेट' म्हणून छापलेले! तिनं विचारलं, हे खरं का गं? मला उत्तर देता येईना. दहा वर्षं शाळेच्या निमित्तानं मी रोज अलिबागला गेले. तिथे कान्होजींची समाधी आहे. एकदाही पायरी चढले नव्हते. कॉन्व्हेंटमध्ये नेपोलियन शिकले, तो जन्मला ते अजाक्सिओ गावातलं घर आज म्युझियम आहे हेही मला पाठ. आणि आपल्या दारातला माणूस माहीत नाही!

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन निघाले. सुरुवातीपासून सुरुवात करायची म्हणून थेट हर्णै. तिथून होडीनं सुवर्णदुर्ग. कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत, याच किल्ल्यावर. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, पुण्याकडच्या आंगरवाडीवरून आंग्रे झालं. कान्होजी इथेच लहानाचे मोठे झाले. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आहे, भिंतीत मारुती आहे. आत मात्र झाडोरा. शिवनेरीवर जन्मस्थान दाखवतात तसं काहीतरी असेल असं मला वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. होडीवाल्या काकांना विचारलं, कान्होजी कुठे राहत होते? त्यांनी किल्ल्याकडे बघितलंच नाही. हात केला तो पाण्याकडे.

तेव्हा मला हसू आलं, पण नंतर वाचत गेले तसं ते पटत गेलं. १६९८ मध्ये सिधोजी गुजरांनंतर मराठी आरमाराची सूत्रं कान्होजींकडे आली. जमिनीवर औरंगजेबाची फौज, जंजिऱ्याला सिद्दी, मुंबईत इंग्रज, रेवदंड्याला आणि गोव्याला पोर्तुगीज. अशा कचाट्यात त्यांनी नियम केला की या किनाऱ्यावरून व्यापार करायचा तर आमचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा. गंमत अशी की हेच काम पोर्तुगीज दोनशे वर्षं करत आले होते. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. पोर्तुगीजांनी केलं तर राज्यकारभार, आणि कान्होजींनी केलं तर चाचेगिरी! १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनं ते शाहू महाराजांकडे आले, सरखेल हा किताब मिळाला, किनाऱ्यावरचे आणि घाटाजवळचे मिळून २६ किल्ले त्यांच्याकडे राहिले. सरकारनं नेमलेला आरमारप्रमुख चाचा कसा होईल?

आता आपल्या इंजिनिअर मंडळींसाठी. इंग्रजांची जहाजं मोठी, तोफा जास्त. मग ती हरली कशी? कान्होजींकडे गुराबा आणि गलबतं होती, तळ उथळ. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी अडकतं, पण गलबताला वल्ही असतात. ही गलबतं गुराबांना ओढत शत्रूच्या मागच्या बाजूला नेत, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. वल्ह्यांवर आणि डोलकाठीवर आमचे कोळी-भंडारी, त्यांना इथला प्रत्येक खडक ठाऊक. मुंबईचा गव्हर्नर बून १७१८ मध्ये खांदेरीवर आरमार पाठवून हरला. १७२० मध्ये विजयदुर्गावर तेच झालं. १७२१ मध्ये तर इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजं आली, पोर्तुगीज मदतीला घेतले आणि सगळे कुलाब्यावर चालून गेले. कुलाबा पडला नाही.

परत आल्यावर ओहोटी बघून कुलाबा किल्ल्यावर चालत गेले. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेत. लाटेचं पाणी फटींतून शिरतं, जोर मरतो, भिंत उभी राहते. सिव्हिलवाल्यांनी जरूर बघावं. आत गाड्यावरच्या दोन तोफा आहेत. लोक त्यांना कान्होजींच्या तोफा समजून फोटो काढत होते. मी खाली वाकून अक्षरं वाचली, तर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव! तो कारखाना निघाला १७९१ मध्ये, आणि कान्होजी गेले १७२९ मध्ये. म्हणजे आपण त्यांची आठवण म्हणून इंग्रजांच्याच तोफेला मिठी मारतो. मीही लहानपणी त्यावर बसून फोटो काढलाय.

पुढची गोष्ट सांगताना वाईट वाटतं. कान्होजींनंतर मुलांत भांडणं झाली, दौलतीचे दोन भाग झाले. १७५६ मध्ये विजयदुर्गाला आंग्ऱ्यांचं आरमार जळालं, तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं पेशव्यांचं सैन्य होतं. परक्यांना जे चाळीस वर्षं जमलं नाही ते आपल्या भांडणानं एका दिवसात झालं. कुलाब्याचं छोटं संस्थान १८४० पर्यंत टिकलं, मग तेही खालसा.

शेवटी समाधीवर गेले. आत शांत होतं, बाहेर रिक्षांचे हॉर्न. काय बोलायचं सुचेना, नुसता नमस्कार केला. दहा वर्षं उशीर झाला होता.

असो. एक गोष्ट सांगून थांबते. ज्या बॉम्बे कॅसलमधून बूननं त्यांच्यावर जहाजं सोडली, तिथे आज भारतीय नौदलाचा तळ आहे आणि १९५१ पासून त्याचं नाव आहे आय. एन. एस. आंग्रे. रूममेटला हे सांगितलं. तिनं स्वतःच ते पुस्तक परत करून टाकलं.

तर मित्रमैत्रिणींनो, यापुढे मेसमध्ये विचाराल तर माझं उत्तर तयार आहे. होय, अलिबागहून आलेय. दस्तक दाखवा!