यादीबाहेरच्यांचे बाबासाहेब

पिंपरी कॅम्पात आपण बाजाराला जातो, पण त्याला कॅम्प का म्हणतात हे पोरांना ठाऊक नसतं. १९४७ च्या फाळणीत सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांची ती छावणी. त्याच काळात निर्वासितांमधल्याही सर्वात तळाच्या माणसांसाठी दिल्लीत परमपूज्य बाबासाहेब झगडत होते. त्यांच्या चरित्रातलं हे पान फारसं सांगितलं जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नसलेला हा मुलगा पुढे अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकला. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला कायदामंत्री झाला.

फाळणीच्या कत्तलीत लाखो माणसं मेली, कोटीच्या वर बेघर झाली. त्यात अस्पृश्यांची दैना निराळीच होती. पाकिस्तानात झाडूवाल्यांचं काम अत्यावश्यक सेवा ठरवून त्यांना निघूच दिलं जात नव्हतं. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी निवेदन काढून तिथल्या आपल्या माणसांना भारतात यायला सांगितलं. ज्यांचं जबरदस्तीनं धर्मांतर झालं, त्यांनाही पूर्वीसारखंच भाऊ मानू, असा शब्द दिला.

पण इकडे येऊनही सुटका नव्हती. १८ डिसेंबरला पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून बाबासाहेबांनी पूर्व पंजाबातली खरी अडचण मांडली. छावणीतले अधिकारी सवर्ण आणि अस्पृश्य निर्वासितांत भेद करीत, म्हणून आपले लोक छावणीत राहत नसत. आणि नियम असा, की शिधा-कपडे छावणीत राहणाऱ्यालाच मिळणार. म्हणजे भेदापायी बाहेर, आणि बाहेर म्हणून उपाशी! नियम वरून सर्वांना सारखा दिसत होता. त्यातली मेख बाबासाहेबांनी बरोबर हेरली.

पुढे २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी आपल्या देहूरोडला रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

वस्तीत पूर येवो की आग लागो, मदतीची यादी निघाली की यादीत कोण आहे यापेक्षा कोण राहिलं, हे आधी बघावं. बाबासाहेबांनी फाळणीच्या धामधुमीत तेच बघितलं होतं.