रमीचा निवाडा देणारे न्यायमूर्ती

निपाणीहून कागल ही जेमतेम अर्ध्या तासाची वाट आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरून पणजी गाठायला तीनेक तास पुरतात. एवढ्याशा टापूत पत्त्यांच्या डावाला मात्र तीन वेगळे कायदे लागू होतात. बेळगाव-निपाणीत १९६३ चा कर्नाटक पोलीस कायदा, कागलात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आणि आपल्याकडे गोव्याचा १९७६ चा. त्यामुळे तोच डाव एका गावात करमणूक ठरतो आणि दुसऱ्या गावात गुन्हा. ही सीमारेषा कुठे आखावी, याचे उत्तर आजही ज्यांच्या निवाड्यात शोधले जाते, ते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला स्वतः नागपूरच्या मराठी वातावरणात घडलेले होते.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. वडील सरकारी सेवेत होते आणि उर्दूत कविता करीत. रायपूरला शालेय शिक्षण संपवून हिदायतुल्ला १९२२ मध्ये नागपूरच्या मॉरिस कॉलेजात दाखल झाले. पुढे केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनचे लिंकन्स इन असा प्रवास करून १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन परतले आणि नागपुरातच त्यांनी वकिली मांडली. नगरपालिकेचे काम पाहिले, विधी महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवले. १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि डिसेंबर १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश.

मग १ नोव्हेंबर १९५६ चा दिवस उजाडला. ही तारीख बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांत वेगळी सांगावी लागत नाही. त्याच दिवशी हा भाग म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्य पुनर्रचनेने नागपूरचे उच्च न्यायालयही नागपुरात राहू दिले नाही. विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला आणि हिदायतुल्ला मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले. ज्या शहरात पाव शतक वकिली आणि न्यायदान केले, ते त्यांना एका कायद्याने सोडावे लागले.

१ डिसेंबर १९५८ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात आले. त्यांचे नाव घेतले की जाणकारांना गोलकनाथ खटला आठवतो किंवा तनखे रद्द करण्याचा राष्ट्रपतींचा आदेश अवैध ठरवणारा निकाल. पत्त्यांचा खटला त्यांच्या चरित्रांत सहसा एका ओळीचाही धनी होत नाही. सामान्य माणसाच्या संध्याकाळी मात्र त्यानेच अधिक बदलल्या, असे मला वाटते.

सिकंदराबादच्या क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर पोलिसांनी छापा घातला. आत पैसे लावून रमी चालू होती. खेळणारे, चिटणीस आणि खजिनदार असे सगळेच आरोपी झाले. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने सोडले आणि आंध्र सरकार दिल्लीला गेले. नोव्हेंबर १९६७ मध्ये हिदायतुल्लांनी निकाल दिला. त्याच वर्षी, देशाचे माजी सरन्यायाधीश असलेल्या मेहरचंद महाजनांनी सीमाप्रश्नावरचा आपला अहवाल दिला होता आणि सीमाभागाचे सारे लक्ष तिकडे लागले होते. रमीचा निकाल इकडे कुणाच्या फारसा कानी आला नसेल, तर नवल नाही.

निकालाचा गाभा असा. तीन पत्तीसारख्या खेळात सारे नशिबावर असते. रमीत तसे नाही. कोणते पान पडले हे ध्यानात ठेवावे लागते, कोणते धरावे आणि कोणते टाकावे हे ठरवावे लागते. वाटणीत नशीब असते, पण ते ब्रिजमध्येही असते. म्हणून रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ. हिदायतुल्ला एवढ्यावर थांबले नाहीत, हे महत्त्वाचे. क्लब खेळणाऱ्यांकडून किती आणि कशासाठी घेतो, हेही त्यांनी तपासले. बैठकीचे शुल्क सोयींच्या मानाने माफक असेल तर तो क्लब. खेळातूनच मालकाने नफा उकळला किंवा आडून जुगार चालवला, तर मात्र गुन्हा ठरू शकतो.

पोकरच्या स्पर्धांत आज जो वाद चालतो, त्याला ही कसोटी लावून पाहावी. पत्ते हाती येण्याआधी टाकायची सक्तीची रक्कम म्हणजे अँटी. तीन पत्तीत तिलाच ‘बूट’ म्हणतात. ती प्रत्येकाने भरावी, की मोठा ब्लाइंड देणाऱ्या एकाने साऱ्या टेबलाच्या वतीने भरावी, हा तंटा हल्ली नेहमीचा. एकाने भरली की वेळ वाचतो. पण ज्याच्यापुढे थोडीच नाणी उरली आहेत, त्याला त्याच्या पाळीला एकदम मोठा फटका बसतो. शिवाय अँटी फुगत गेली की वाट पाहणे, प्रतिस्पर्धी वाचणे, वाईट पाने सोडून देणे हे सारे महाग होते. येतील त्या पानांवर सर्वस्व लावावे लागते. पत्ते तेच, नियम तेच. फक्त सक्तीची रक्कम वाढवून कौशल्याचा खेळ नशिबाकडे ढकलता येतो. तेव्हा अँटीची रचना ही केवळ आयोजकाची सोय मानता येत नाही.

हिदायतुल्ला २५ फेब्रुवारी १९६८ रोजी सरन्यायाधीश झाले. त्या पदावरचे ते पहिले मुसलमान. पुढच्या वर्षी झाकिर हुसेन यांचे निधन आणि मग व्ही. व्ही. गिरी यांचा राजीनामा, यामुळे त्यांना महिनाभर हंगामी राष्ट्रपतिपद सांभाळावे लागले आणि त्याच काळात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे स्वागतही करावे लागले. १९७९ ते १९८४ ते उपराष्ट्रपती होते. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरील राज्याची बंदी रद्द केली, तेव्हा कौशल्य आणि नशीब यांतला हाच जुना भेद पुन्हा आधाराला आला. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता तो भेदच बाजूला सारला. कौशल्य असो वा नशीब, दोन्हींना बंदी. समोरासमोर बसून खेळायच्या टेबलांना तो कायदा लागू नाही.