जीनो बार्ताली : न मिरवलेली सेवा



आपल्या मुलांना खेळाडूंचे मोठे वेड असते. आज मी तुम्हांला एका सायकलपटूची ओळख करून देणार आहे. त्याने शर्यती तर जिंकल्याच, पण त्याची सर्वांत मोठी फेरी कोणी पाहिलीच नाही.

जीनो बार्ताली यांचा जन्म १८ जुलै १९१४ रोजी इटलीतील फ्लॉरेन्सजवळच्या एका गावात, मजुराच्या घरी झाला. लहान वयातच ते सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागले. कॅथलिक ॲक्शन या प्रापंचिकांच्या संघटनेचे ते बालपणापासून सभासद होते. १९३५ मध्ये ते व्यावसायिक सायकलपटू झाले. तेव्हा डोंगरातले बरेच रस्ते खडीचे आणि धुळीचे असत. घाट चढण्यात बार्तालींचा हात धरणारे फार थोडे होते. १९३६ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी ‘जिरो दि इतालिया’ ही इटलीची सर्वांत मोठी शर्यत जिंकली.

हा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. त्याच जून महिन्यात त्यांचा धाकटा भाऊ जुलिओ एका शर्यतीतील अपघातात मरण पावला. सायकल कायमची सोडून द्यावी, असे बार्तालींच्या मनात आले. परंतु श्रद्धेने त्यांना सावरले. पुढे ते कार्मेल संघाच्या प्रापंचिक शाखेत दाखल झाले. १९३७ मध्ये त्यांनी पुन्हा जिरो जिंकली आणि १९३८ मध्ये फ्रान्सची जगप्रसिद्ध ‘टूर द फ्रान्स’. लोक त्यांना भाविक जीनो म्हणू लागले.

मग दुसरे महायुद्ध आले. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्याने इटली व्यापली आणि ज्यू लोकांची धरपकड सुरू झाली. फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाला कोस्ता आणि ज्यू धर्मगुरू नाथान कासुतो यांनी मिळून त्यांना वाचवण्याचे गुप्त कार्य उभारले. याच कार्डिनलनी १९४० मध्ये बार्तालींचे लग्न लावले होते. आता बार्ताली या कार्याचे निरोप्या झाले. सरावाच्या निमित्ताने ते फ्लॉरेन्सहून असिसीला जात. हे अंतर कोल्हारहून नगरमार्गे पुण्याला जाण्याइतके! सायकलच्या नळ्यांमध्ये आणि सीटखाली बनावट ओळखपत्रांचे कागद लपवलेले असत. सापडले असते, तर जिवावर बेतले असते. घरी पत्नी आणि लहान मूल होते. तरीही एका ज्यू कुटुंबाला त्यांनी लपायला जागाही दिली.

युद्ध संपल्यावर ते पुन्हा शर्यतीत उतरले. १९४८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्यांनी दुसऱ्यांदा टूर द फ्रान्स जिंकली. पहिल्या विजयाला तेव्हा दहा वर्षे झाली होती. इटलीत त्यांचा जयजयकार झाला. मात्र युद्धकाळातील त्या फेऱ्यांचा त्यांनी जाहीरपणे गाजावाजा केला नाही. चांगले काम करायचे असते, सांगत फिरायचे नसते, अशी त्यांची धारणा होती. ५ मे २००० रोजी ते प्रभूकडे गेले. २०१३ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या सत्पुरुषांमध्ये त्यांचे नाव नोंदवले. तो सन्मान घ्यायला ते हयात नव्हते.

बंधू-भगिनींनो, कोणी पाहिले नाही म्हणून चांगले कृत्य कमी चांगले ठरते काय? आपण पंखा दिला तरी त्यावर नाव रंगवून घेतो. वाचले नाही, तर रुसतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू गुप्त दानाविषयी काय शिकवतो, ते आज घरी सर्वांनी मिळून वाचा. मग या आठवड्यात प्रत्येकाने एक तरी मदत अशी करावी, की ती फक्त स्वर्गातील पित्यालाच ठाऊक असेल. मलाही सांगू नका!

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू