फ्लॅनरीच्या परसातले मोर

देवदूताने पवित्र मरियेला शुभवर्तमान सांगितले तो सण आपण २५ मार्चला साजरा करतो. १९२५ साली याच दिवशी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात, आयरिश वंशाच्या एका कॅथोलिक घरात एक मुलगी जन्मली. मेरी फ्लॅनरी ओकॉनर. पुढे ती विसाव्या शतकातील अमेरिकेच्या थोर कथालेखकांत गणली गेली. आपल्याकडे तिचे नाव फारसे कुणी ऐकले नसेल. पण तिच्या परसात जो पक्षी नांदत होता, तो मात्र आपल्याच मातीतला आहे. मोर!

पाखरांचे वेड तिला लहानपणापासूनचे. पाच-सहा वर्षांची असताना तिच्याकडे उलटे चालणारी एक कोंबडी होती. सिनेमाघरांत दाखवल्या जाणाऱ्या वार्तापटासाठी त्या कोंबडीचे चित्रीकरण करायला कॅमेरावाला थेट सव्हानाला आला होता. शाळेत शिवणकामाचा तास असे तेव्हा इतर मुली स्वतःसाठी कपडे शिवत, हिने कोंबडीला कोट शिवला!

ती पंधरा वर्षांची असताना, १९४१ साली, वडील ल्युपस या आजाराने वारले. या आजारात शरीराची रोगाशी लढणारी शक्ती शरीरावरच उलटते. फ्लॅनरी शिकली, आयोवा विद्यापीठात लेखनाची पदवी घेतली, उत्तरेकडे राहून पहिली कादंबरी लिहू लागली. घर आणि गाव मागे टाकून लेखिका म्हणून जगायचे, हे तिने ठरवूनच टाकले होते. १९५० च्या नाताळासाठी ती आगगाडीने घरी निघाली आणि वाटेतच आजारी पडली. आजार वडिलांचाच निघाला. आईने तो तिच्यापासून लपवला, संधिवात आहे असे सांगितले. खरे काय ते तिला १९५२ साली एका मैत्रिणीकडून कळले. परत जायचा बेत तिथेच संपला. मिलेजव्हिल गावाबाहेर आईची दुधाच्या गायींची वाडी होती, अँडलुझिया नावाची. तेच आता तिचे जग.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिने वर्तमानपत्रातली एक जाहिरात वाचून फ्लोरिडाहून मोर मागवले. एक मोर, एक लांडोर आणि चार पिले. पेटारा आगगाडीने आला, मायलेकी स्टेशनवर उतरवून घ्यायला गेल्या. काही वर्षांत या सहांचे चाळीसच्या आसपास झाले. शिवाय बदके, हंस, कोंबड्या होत्याच.

तिचा दिवस ठरलेला असे. सकाळी आईबरोबर गावातल्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये मिस्सा. त्या भागात कॅथोलिक अगदी थोडे, बहुतेक सगळे बॅप्टिस्ट. मग नऊच्या सुमारास ती लिहायला बसे ते दुपारपर्यंत. लिहिण्याचे मेज तिने मुद्दाम कपाटाच्या पाठीकडे तोंड करून मांडले होते, नजर खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून. बाहेर जॉर्जियाचा वसंत फुललेला असला, झाडांवर डॉगवुडची पांढरी फुले उमललेली असली, तरी दुपारपर्यंत समोर कपाटाची फळी! दुपारनंतर मात्र ती ओटीवर आरामखुर्चीत बसे आणि अंगण बघत राही.

आपल्याकडे मोर पावसाळ्यात नाचतो, कारण आपल्याकडे त्याचा विणीचा हंगाम पावसाबरोबर येतो. जॉर्जियात तो वसंतात येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस गळलेला पिसारा तोवर पुन्हा पुरता वाढलेला असतो, आणि मग रात्रंदिवस केकारव. वाडीवर रात्री झोप लागणे कठीण होई, पण फ्लॅनरीला तो आवाज प्रिय होता.

आईला नव्हता. रेजिना ओकॉनर बाई मोठ्या करारी. गुरे, गडी, हिशोब, सगळे एकटीने सांभाळायच्या. त्यांनी जिवापाड जपलेले गुलाब मोर खुशाल खात. पोट भरलेले असले तर नुसतेच फूल खुडून टाकून देत. बाईंनी ताटव्यांभोवती तारेचे कुंपण घातले, तर मोर वरून उडी मारून आत. अंजिरे पिकली की तीही पहिल्यांदा मोरांची. मायलेकींची ही कुरबुर वर्षानुवर्षे चालली. ज्या घरात एकाला फुलझाडांची हौस आणि दुसऱ्याला कोंबड्यांची, त्या घरातल्यांना हे वेगळे सांगायला नको.

पाहुणे आले की मोराने लगेच पिसारा फुलवावा असे त्यांना वाटे. मोर कुणाचे ऐकत नाही. तो पाठ फिरवून उभा राही. पिलाचा पूर्ण पिसाऱ्याचा मोर व्हायलाही तीनचार वर्षे लागतात, तोवर तो अगदीच बेंगरूळ दिसतो. फ्लॅनरीला ही वाट बघणे जमले. तिच्या स्वतःच्या आयुष्यातही घाईने होण्यासारखे काही उरले नव्हते. औषधाची इंजेक्शने ती स्वतःच टोचून घेई. कमरेचे हाड झिजले आणि १९५५ पासून कुबड्या आल्या.

पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक आपल्या कबरींच्या भिंतींवर मोर रंगवत, पुनरुत्थानाची खूण म्हणून. मोराचे मांस कुजत नाही असा त्या काळी समज होता, संत अगस्तीनने तसे लिहूनही ठेवले आहे. फ्लॅनरीला हे ठाऊक होते. 'द डिस्प्लेस्ड पर्सन' या तिच्या कथेत पोलंडमधून आलेले एक निर्वासित कुटुंब वाडीवर कामाला येते. वाडीच्या मालकिणीला मोर म्हणजे फुकट खाणारा पक्षी वाटतो. म्हाताऱ्या धर्मगुरूला मात्र त्याच्या उघडलेल्या पिसाऱ्यात प्रभूचे रूपांतर आठवते. शेवटी मालकीण अंथरुणाला खिळते, सगळे सोडून जातात, आणि तिला भेटायला येतो तो एकटा धर्मगुरू. येताना मोरासाठी पावाचा चुरा घेऊन येतो.

१९५८ च्या वसंतात नातेवाईक बाईच्या आग्रहाखातर ती लूर्डसला गेली. स्नान करायचे तिच्या मनात नव्हते, तरी केले. तिथे तिने प्रार्थना केली ती हाडांसाठी नव्हे, अडलेल्या कादंबरीसाठी! ती कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली.

ती संत नव्हती. तिच्या पत्रांत कृष्णवर्णीयांविषयी हिणकस शेरे सापडतात. त्यामुळे २०२० साली मेरीलँडच्या लोयोला विद्यापीठाने एका इमारतीला दिलेले तिचे नाव काढले. कथांमध्ये गर्विष्ठ गोऱ्यांची झाडाझडती घेणारी लेखणी पत्रांत मात्र घसरली. हे लपवून तिचे चरित्र सांगणे मला योग्य वाटत नाही.

१९६४ च्या फेब्रुवारीत एक शस्त्रक्रिया झाली आणि दबलेला आजार उसळला. तो वसंत बराचसा अंथरुणात आणि इस्पितळात गेला. लिहायची वही ती उशीखाली लपवून ठेवी, डॉक्टरांनी काढून घेऊ नये म्हणून. जुलैत तिने आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार घेतला. ३ ऑगस्टला ती गेली. वय ३९.

आईच्या गुलाबांना आता धोका नव्हता. पुढे आईने मोर वाटून टाकले. काही कॉन्यर्सच्या मठातील ट्रॅपिस्ट संन्याशांना दिले, तर काही अटलांटात कॅन्सरच्या गरीब रुग्णांची सेवा करणाऱ्या धर्मभगिनींच्या अंगणात गेले.