पुस्तक मुलांचे, वाचक मोठे

मुले झोपली की त्यांच्या उशाचे पुस्तक हळूच उचलून वाचणारे आईबाप घरोघरी असतात. सकाळी विचारले, तर पोरे काय वाचतात ते बघत होतो, असे उत्तर मिळते! अशा वाचकांनी संकोच करण्याचे कारण नाही. ‘टॉम सॉयर’ कुणासाठी लिहिले, हे खुद्द मार्क ट्वेनलाही नीटसे ठरवता आले नव्हते. १८७५ साली हस्तलिखित पुरे झाले तेव्हा ते फक्त मोठ्यांसाठी आहे, असा त्याचा हट्ट होता. संपादक-मित्र विल्यम डीन हॉवेल्स यांनी ते मुलांचे म्हणूनच काढण्याचा सल्ला दिला. पत्नी ऑलिव्हियाचा कौलही तोच. ट्वेनने मानले, पण मोठ्यांनी पुस्तक टाळू नये, अशी आशा प्रस्तावनेत व्यक्त केलीच.

सॅम्युएल क्लेमेन्स हे त्याचे खरे नाव. जन्म ३० नोव्हेंबर १८३५चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातला. बालपण मिसिसिपीकाठच्या हॅनिबल गावात गेले. नदी, गुहा, बेट, शाळेला मारलेली दांडी, हे टॉमचे सारे जग तिथलेच. गावात गुलामगिरीही तितकीच नित्याची होती. सॅम अकरा वर्षांचा असताना वडील वारले आणि लवकरच तो छापखान्यात खिळे जुळवू लागला. पुढे आगबोटीवर सुकाणू धरायला शिकला. धाकट्या हेन्रीलाही त्याने बोटीवर काम मिळवून दिले. १८५८ साली त्या बोटीचा बॉयलर फुटून हेन्री गेला. ही टोचणी सॅमला जन्मभर पुरली.

‘हकलबेरी फिन’ अमेरिकेत १८८५ साली आले. कॉन्कर्डच्या वाचनालयाने तेव्हा ते अशिष्ट ठरवून बाहेर काढले होते. शाळेच्या वयात वाचताना आपण त्यातल्या तोतया राजाला आणि उमरावाला हसतो. चाळिशीत वाचताना हकच्या चिठ्ठीपाशी अडखळतो. पळून आलेला गुलाम जिम कुठे आहे, हे त्याच्या मालकिणीला कळवणे म्हणजे पुण्यकर्म, असेच त्या पोराला शिकवलेले. तो चिठ्ठी लिहितो आणि नरकात जायची तयारी ठेवून फाडतो. हक ज्याच्यावरून सुचला, तो टॉम ब्लँकनशिप हॅनिबलमधल्या दारुड्याचा मुलगा. त्याच्या थोरल्या भावाने बक्षिसाचा मोह टाळून बेटावर लपलेल्या एका गुलामाला चोरून अन्न पुरवले होते.

पुस्तकांचा पैसा ट्वेनने घातला कशात, तर खिळे जुळवणाऱ्या यंत्रात! छापखान्यातल्या पोराची हौसच ती. यंत्र चालले नाही. १८९४ साली दिवाळे निघाले. कायद्याने पुरते देणे बंधनकारक नसतानाही पै न् पै फेडायची ठरवून, साठीला टेकलेला हा गृहस्थ १८९५ साली व्याख्याने देत जगभर निघाला. जानेवारी १८९६ मध्ये मुंबईत आला आणि काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात उतरला. इथल्या कावळ्यांवर त्याने मनमुराद लिहिले आहे. पण त्याच प्रवासवर्णनात हॉटेलातला आणखी एक प्रसंग आहे. एका धिप्पाड जर्मनाने देशी नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट सोसली. ते पाहून ट्वेन पन्नास वर्षे मागे, हॅनिबलात पोहोचला. घरच्या गुलाम पोराला वडील असेच मारत. क्षुल्लक चुकीसाठी लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकून मारलेला एक गुलामही त्याने लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता. टॉमच्या खोड्या लिहिणाऱ्याच्या आठवणींत हेही होते.

दौरा आटोपून तो इंग्लंडला पोहोचला, तोच ऑगस्ट १८९६ मध्ये मायदेशी थोरली मुलगी सूझी गेली. वय अवघे २४. देणी फिटली १८९८ साली. पुढे पत्नी गेली, धाकटी जीन गेली. २१ एप्रिल १९१० रोजी तोही गेला.

सूझीने तेराव्या वर्षी वडिलांचे चरित्र लिहायला घेतले होते. लोक आपल्या पपांना नुसते विनोदी समजतात, ही तिची त्यात तक्रार होती. म्हातारपणी आत्मचरित्र सांगताना ट्वेनने त्या चरित्रातले उतारे घेतले. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या तशाच ठेवल्या.